दिग्दर्शक व्हा, पण टाचण्या सांभाळा

अ‍ॅनिमेशनपटाचं दिग्दर्शन करायचंय? छान! घरच्यांना इतक्यात सांगू नका. गुरू म्हणून ख्रिस सँडर्स यांना धरा. हे गृहस्थ स्टोरीबोर्डवरून उठून दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसले आणि त्या खुर्चीतून उठवलेही गेले. म्हणजे अभ्यासक्रम पूर्ण.

१. कॅलिफोर्नियात कॅलआर्ट्समध्ये शिका आणि १९८७मध्ये डिस्नेत चिकटा. साल हुकलं असेल तर आम्ही काय करणार?

२. स्टोरीबोर्ड म्हणजे अख्खा चित्रपट आधी चौकटीचौकटीने कागदावर. चित्रं फळ्यावर टाचा आणि वरिष्ठांपुढे उभं राहून सगळं करून दाखवा: नायिकेचे हुंदके, घोड्याचं खिंकाळणं, दार आपटल्याचा धाडकन आवाज. लाजू नका. वरिष्ठ पोट धरून हसले तर प्रसंग आवडला म्हणायचा. पुढच्या आठवड्यात तोच उडवतील. म्हणून चित्रं फार सुंदर काढू नका. सुंदर चित्र उतरवताना वरिष्ठांना यातना होतात. टाचण्या मात्र परत घ्या, त्या पुन्हा लागतात.

३. अशी दहाएक वर्षं काढा. 'ब्यूटी अँड द बीस्ट', 'द लायन किंग', 'मुलान'. तुमचं नाव पडद्यावर येईपर्यंत प्रेक्षक पार्किंगमध्ये पोचलेले असतील.

४. रद्दी विकू नका. १९८५च्या सुमारास सँडर्सनी मुलांच्या पुस्तकासाठी एक विचित्र प्राणी काढला होता. पुस्तक झालंच नाही. प्राणी पडून राहिला आणि २००२मध्ये 'लिलो अँड स्टिच'मधला स्टिच झाला. हा चित्रपट घडला फ्लोरिडाच्या स्टुडिओत, मुख्यालय कॅलिफोर्नियात. वरिष्ठ आणि आपण यांच्यात एक अख्खा देश ठेवणं प्रकृतीला मानवतं. स्टिचचा आवाजही सँडर्सनी स्वतःच दिला. तुम्हीही द्या. कारण पुढे कळेल.

५. आता जीव ओतून पुढचा चित्रपट मांडा. सँडर्सनी 'अमेरिकन डॉग' मांडला होता. २००६मध्ये जॉन लॅसेटर डिस्नेच्या अ‍ॅनिमेशनचे प्रमुख झाले आणि कुत्र्याला नवे मालक मिळाले. २००८मध्ये तो 'बोल्ट' म्हणून आला, दिग्दर्शक दुसरेच दोघे. वाईट वाटतंय? साहजिक आहे. पाणी प्या आणि बिऱ्हाड ड्रीमवर्क्सला हलवा.

६. तिथे एक चित्रपट अर्धवट शिजलेला असेल, आधीच्या दिग्दर्शकाला नुकतंच उठवलेलं असेल. बसा. आयत्या बिळावर नागोबा, इथे ड्रॅगन. जुने जोडीदार डीन डेब्लॉय यांना सोबत घ्या आणि २०१०मध्ये 'हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन' देऊन टाका. आधीच्या माणसाचं काय झालं, हे विचारू नका. तुमच्याइतकं ते कुणाला ठाऊक?

७. ऑस्करसाठी सूट शिवा, चांगल्या कापडाचा. चार वेळा घालायचाय. 'लिलो'च्या वेळी आडवा आला 'स्पिरिटेड अवे', 'ड्रॅगन'ला 'टॉय स्टोरी ३', नंतर काढलेल्या 'द क्रूड्स'ला 'फ्रोझन'. 'द वाइल्ड रोबो'ला तर लॅटव्हियाच्या 'फ्लो'ने गाठलं: एका मांजराची गोष्ट, संवाद एकही नाही आणि बनवली फुकट मिळणाऱ्या ब्लेंडर सॉफ्टवेअरवर. नाव दुसऱ्याचं पुकारलं की लगेच हसा, कॅमेरा तुमच्यावरच असतो. भाषणाचा कागद घडी न मोडता ठेवून द्या.

८. आता ते कारण. २०२५मध्ये डिस्नेने 'लिलो अँड स्टिच' खऱ्या नटांना घेऊन पुन्हा काढला. खुर्चीत दुसरेच दिग्दर्शक. स्टिचचा आवाज? सँडर्स. दिग्दर्शक बदलता येतो, गुरगुर बदलली तर पोरंटोरं ओळखतात. तेव्हा गरम पाण्याच्या गुळण्या रोज करत जा.