सापाला सोबत कशाला?

कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, न्यू जर्सीपासून फ्लोरिडाच्या टोकापर्यंत सापडणारा बिनविषारी साप. केशरी अंगावर काळ्या काठाचे तांबडे ठिपके, लांबी तीन ते पाच फूट, आणि स्वभाव इतका गरीब की आठ-दहा दिवसांनी एक उंदीर मिळाला की जगाकडे त्याचं दुसरं काही मागणं नसतं. लिनीअसने १७६६ साली त्याचं शास्त्रोक्त बारसं केलं. त्यानंतर तो काचेच्या पेटीत बसून अमेरिकन दिवाणखान्यांत पोचला आणि आता तिकडच्या सर्वांत लोकप्रिय पाळीव सापांपैकी एक आहे. सगळं सुरळीत चाललेलं असतं. मग एका संध्याकाळी मालक पेटीसमोर उभा राहतो आणि त्याच्या मनात येतं, ‘एकटाच असतो बिचारा. सोबतीला दुसरा आणावा का?’ या वाक्यातला ‘बिचारा’ नक्की काचेच्या कोणत्या बाजूला आहे, हा माझा पहिला प्रश्न. माझ्या मते तो बाहेरच्या बाजूला, चहाचा कप हातात घेऊन उभा आहे. आतल्याची काही तक्रार नाही.

आतल्याचा पूर्वेतिहास पाहा. कॉर्न स्नेकची मादी दहा ते तीस अंडी घालते आणि निघून जाते. उबवणं नाही, राखण नाही, बाळंतविडा तर नाहीच. सुमारे दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात तेव्हा त्यांना स्वागताला आई नसते आणि आई कुठे गेली असं ती विचारतही नाहीत. भावंडांची ओळखपाळख करून घेण्याआधी प्रत्येक जण आपापली फट शोधतो. हे पिल्लू पुढे वीस वर्षं जगू शकतं, आणि त्या वीस वर्षांत विणीचा हंगाम सोडला तर दुसऱ्या सापावाचून त्याचं काही अडत नाही. रॉचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात या सापांची बुद्धी तपासली होती. उघड्या, गोल रिंगणात सोडलेल्या सापाने लपण्याचं भोक शोधून काढायचं होतं. साप सरावाने उत्तम शिकले. हुशारीबद्दल त्यांना बक्षीस काय मिळालं? एक अंधारी जागा, जिथे कुणी त्यांच्याकडे बघत नाही. सापाला काय आवडतं हे कळायला एवढं पुरे व्हावं.

‘पण माझे दोन्ही साप कायम एकमेकांना बिलगून झोपतात!’ हा पुरावा प्रत्येक वादात हटकून पुढे येतो, बहुधा फोटोसकट. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा माणूस अर्ध्या मांडीवर टेकतो तेव्हाही चौघं एकमेकांना बिलगूनच बसलेले असतात, पण त्यावरून कुणी त्यांच्या जिव्हाळ्याचे फोटो काढत नाही. सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते, ती बाहेरून घ्यावी लागते. पेटीचं एक टोक तीस अंशांच्या आसपास गरम असतं, दुसरं पाच-सहा अंशांनी थंड. गरम टोकाला लपायची चांगली जागा बहुधा एकच. दोघांनाही तीच हवी, म्हणून दोघंही तिथेच. ज्याला आपण मिठी म्हणतो ती जागेवरून चाललेली मूक रेटारेटी असू शकते, आणि त्यात वरचढ कोण हे मालकाला कळतही नाही. यात अमेरिकनांना हसायचा अधिकार आपल्याला मुळीच नाही. आपल्याकडे शेतात दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या राहिलेल्या दिसल्या की ‘जोडपं’ म्हणून हात जोडतात, त्यांच्यावर कोरं वस्त्र टाकतात. ते जोडपं म्हणजे बहुतेक वेळा दोन नर असतात आणि त्यांची कुस्ती चाललेली असते. नागपंचमीला नागापुढे दुधाची वाटी ठेवणारेही आपणच. नागाला काय हवं हे आपण नागाला कधीच विचारलेलं नाही.

जरा अभ्यासू मालक इथे विज्ञान काढतो. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात गार्टर जातीचे साप हिवाळ्यात हजारोंच्या संख्येने एकाच खडकाच्या पोटात राहतात. शिवाय २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गार्टर सापांची पिल्लं सोबत शोधतात आणि त्यातही ठरावीक सोबती निवडतात, असं दिसलं. हे मला मान्य आहे, आवडलंही. सगळे साप एकलकोंडे असतात हा माझा दावा नाहीच. पण गार्टरची मैत्री कॉर्न स्नेकच्या खात्यावर जमा करता येत नाही. कॉर्न स्नेकसुद्धा थंडीत कधी एकाच बिळात इतरांसोबत सापडतात, मात्र तेव्हा ते सुस्त असतात, जेवत नाहीत आणि ऊन पडलं की आपापल्या वाटेने निघून जातात. पेटीत ती वाट नसते. मुद्दा सगळा इथेच आहे.

आता जेवण. दोन साप, एक उंदीर. एकाने डोक्याकडून धरला, दुसऱ्याने शेपटीकडून. सापाचे दात आत वळलेले, त्यामुळे तोंडात आलेलं सोडणं त्याला जड जातं आणि गिळत पुढे सरकणं सोपं. मग दोन तोंडं मध्यावर भेटतात आणि ज्याचा जबडा मोठा त्याला उंदरामागोमाग सोबतीही घशात उतरवता येतो. कॉर्न स्नेकने कॉर्न स्नेक गिळल्याची उदाहरणं पाळीव सापांमध्ये, विशेषतः पिल्लांमध्ये, नोंदलेली आहेत. वेगवेगळ्या डब्यांत जेवू घातलं की हा धोका कमी होतो, हे खरं. तरी सकाळी पेटीत उलटी दिसली तर ती कुणाची? विष्ठा बिघडली ती कुणाची? दोघांचेही चेहरे सारखेच निर्विकार. क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या पोटाच्या संसर्गावर खात्रीचा इलाज नाही आणि एकाच पाण्याच्या भांड्यातून तो दोघांत वाटला जातो. त्यातून ‘दोन्ही माद्या आहेत’ असं विकणाऱ्याने सांगितलेलं असतं आणि वर्षा-दोन वर्षांनी त्यांतली एक अंड्यावर येते. अपुऱ्या वाढीच्या मादीत अंडी अडकली तर ती दगावते. दुसरी ‘मादी’ यावर काहीच खुलासा देत नाही.

‘आमचे इतकी वर्षं एकत्र आहेत, काही झालं नाही’ असं म्हणणाऱ्यांना मी खोटं पाडणार नाही. रोज काही होत नाहीच. अडचण अशी की काही झालं तर साप सांगत नाही. तो ओरडत नाही, त्याला पापण्यासुद्धा नाहीत. त्याची एकमेव तक्रार म्हणजे जेवणाकडे पाठ फिरवणं, आणि तेही तो कात टाकताना, थंडीत किंवा लग्नाच्या हंगामात विनातक्रार करतो. म्हणजे ‘सुखी आहे’ आणि ‘सोसतो आहे’ या दोन्ही अवस्था बाहेरून एकसारख्याच दिसतात. अशा वेळी एका बाजूला ज्याची सापाला गरज असल्याचं कुठे दिसत नाही ती सोबत, आणि दुसऱ्या बाजूला क्वचित घडणारा पण परत न फिरवता येणारा अपघात. हा हिशेब करायला सर्पतज्ज्ञ व्हावं लागत नाही.

उरला शेवटचा आणि त्यातल्या त्यात सन्माननीय आक्षेप: पेटी खूप मोठी असेल तर? असेल तर धोका नक्कीच कमी होईल. दोन गरम कोपरे, दोन थंड कोपरे, पाण्याची दोन भांडी, लपायच्या चार जागा आणि एकाला दुसरा दिसणार नाही एवढा पालापाचोळा. इतकं सगळं केल्यावर मालकाने बनवलेल्या असतात दोन पेट्याच, फक्त मधला पडदा बसवायचा राहिलेला असतो, आणि सगळ्या सामानात स्वस्त तोच. तेव्हा दोन साप खुशाल पाळावेत, चार पाळावेत. पेट्या एकमेकींना चिकटून ठेवल्या तरी चालतील. सापांना त्याचं काही नाही, पण चहा पिताना मालकाला बरं वाटेल.