शंभर पावलांचा हिशेब

रात्री साडेनवाच्या सुमाराला सोसायटीच्या आवारात जे काही चालतं, त्याला चालणं म्हणणं जिवावर येतं. हात पाठीमागे बांधलेले, पायात घरातल्याच स्लिपर, ढेकर अर्धवट दाबलेला. गेटपाशी पोचलं की उगाचच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघायचं आणि परत फिरायचं. ही शतपावली. शत म्हणजे शंभर, पण मोजून शंभरावर थांबलेला माणूस काही अजून माझ्या पाहण्यात नाही.

या शंभराचं मूळ थेट सुश्रुतसंहितेत सापडतं. जेवण झाल्यावर अन्नाचा जडपणा उतरेपर्यंत राजासारखं बसावं, मग शंभर पावलं चालावं आणि डाव्या कुशीवर पडावं, असं सुश्रुत सांगतात. आपण त्याची वाटणी मोठ्या हुशारीने केली. डावी कूस, म्हणजे वामकुक्षी, दुपारला दिली आणि शंभर पावलं रात्रीला. राजासारखं बसणं तेवढं पुरुषांनी परस्पर ठेवून घेतलं, कारण त्याच वेळी कुणालातरी ओटा आवरायचा असतो. म्हणून आमच्याकडे काका साडेनवाला खाली उतरतात आणि काकू दहाला.

शंभर पावलं म्हणजे जेमतेम साठ-सत्तर मीटर. गेटपासून पानाच्या टपरीपर्यंत. एवढ्याने पोट आत जात नाही, हे सुश्रुतांनाही ठाऊक असणार. व्यायामाचं त्यांनी वेगळं लिहून ठेवलंय. शिवाय शतपावली ‘घालायची’ असते, नमस्कार आणि प्रदक्षिणेसारखी. येरझाऱ्याही घालतातच, पण त्या ऑपरेशन थिएटरबाहेर. पाय तेच, फक्त तिथे कुणी “चला, पान खाऊ” म्हणत नाही.

आता मनगटावरचं घड्याळ १०,००० पावलं मागतं. हा आकडा मात्र कुठल्या संहितेतला नव्हे. टोकियो ऑलिम्पिकच्या पुढच्या वर्षी, १९६५ साली, जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नाव ‘मानपोकेई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. मालाचं नाव होतं, जगाचं पथ्य होऊन बसलं.

काकांना मुलाने तसलं घड्याळ दिलंय. तेव्हापासून त्यांचे हात पाठीमागून सुटलेत. गप्पा मारायला थांबवलं, तरी जागच्या जागी पाय उचलत बोलतात.

“अहो, लोक बघतायत,” काकू म्हणतात.

“बघू देत. एकशेवीस राहिलीत.”