पोचकाका

मेल पाठवण्याआधी पोचकाका फोन करतात. "साहेब, एक मेल टाकतोय हं." मेल टाकतात. मग व्हॉट्सअ‍ॅपवर 'मेल टाकला आहे, कृपया पाहावा' आणि खाली जोडलेले हात. निळ्या टिका उमटल्या की पुन्हा फोन. "मिळाला ना? नाही, वाचायची घाई नाही. फक्त मिळाला का, तेवढं सांगा."

हा शेवटचा फोन बहुधा बदलापूर लोकलच्या दारात होतो. अंबरनाथला उतरून आम्ही आनंदनगर एमआयडीसीची शेअर रिक्षा धरेपर्यंत अख्ख्या डब्याला कळलेलं असतं, की परवाच्या कोटेशनमध्ये जीएसटी धरलेला नाही. उल्हासनगर कॅम्प पाचचा एक शेठ तर आता 'हॅलो'सुद्धा म्हणत नाही. फोन उचलतो आणि म्हणतो, "साईं, मिल गया. कल भी मिला था."

काकांचा पिंड आवक-जावक रजिस्टरवर पोसलेला. पत्र गेलं की पिऊन बुकात सही, शिक्का, तारीख. रजिस्टर्ड एडीचं कार्ड परत आलं, की ते फायलीला टाचून मगच चहा. त्या माणसाच्या हातात १९९८नंतर कधीतरी 'सेंड'चं बटण आलं. दाबलं की सगळं गुडुप. सही नाही, शिक्का नाही.

२७ जुलै २०१९ला उल्हास नदीला पूर आला, बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. पुण्याच्या पार्टीनं काळजीनं फोन केला, "काका, सुखरूप ना?" काका म्हणाले, "पाणी जिन्यापर्यंत आलंय. बरं, कालचा मेल मिळाला का?"

मी एकदा त्यांना समजावलं, "काका, मेल परत आला नाही, म्हणजे पोचला." ते म्हणाले, "आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे १०६० सालचा. तोही परत आला नव्हता. विद्वानांनी वाचायला एकोणिसावं शतक उजाडलं. मला मार्चएंडच्या आत पेमेंट हवंय."

शेवटी मी त्यांच्या आउटलुकमध्ये 'रीड रिसीट' चालू करून दिली. समोरच्यानं मेल उघडला, की 'पोच पाठवू का?' असं त्याला विचारलं जातं. तो 'हो' म्हणाला तरच आपल्याला कळतं. काका हरखले. आठवडाभरात चाळीस मेल गेले, पोचा आल्या तीन. "लोकांना एक बटण दाबवत नाही!" म्हणून दिवसभर धुसफुसत होते.

संध्याकाळी मी त्यांच्या खुर्चीमागे उभा होतो. हेड ऑफिसचा मेल आला होता, तोही पोच मागणारा. काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सराईतपणे 'नो' दाबलं.

"काका?"

"अरे," ते हळूच म्हणाले, "वाचलं हे कळलं, की उद्या फोन करतील ना!"