फरक कळला का?

तुमच्या ओळखीतही एक असणारच. पन्नाशी ओलांडलेला, नोकरी बरी, डोक्यावर मोजके केस, पण तेही मागे रबरात बांधलेले. घरातल्या ज्या खोलीला बायको अजून 'मुलाची खोली' म्हणते तिथे दोन-तीन गिटारी, पाय ठेवायला जागा मिळणार नाही इतक्या वायरी आणि बारीक दिवे लुकलुकणारी एक पेटी. हा माणूस गिटार वाजवतो असा तुमचा समज असेल तर तो सोडा. हा टोन शोधतो. त्यासाठी अधूनमधून तारा छेडाव्या लागतात, एवढाच त्याचा आणि वादनाचा संबंध.

आमच्याकडच्याला आम्ही टोन्या म्हणतो. कॉलेजच्या गॅदरिंगला तो आख्खी गाणी वाजवायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आता सांगूनही कोणाला पटत नाही. आता तो ई मेजर वाजवतो, मान तिरकी करतो, वाकून एक नॉब केसभर फिरवतो, पुन्हा ई मेजर वाजवतो आणि तुमच्याकडे वळतो.

"डोळे मीट. हे ऐक." झँग. "आता हे ऐक." झँग. "फरक कळला का?"

या प्रश्नातून सुटका नाही. 'नाही' म्हणालात तर फरक काय ते कळेपर्यंत चहा मिळत नाही. 'हो' म्हणालात तर "काय फरक?" येतं. आणि धीर करून "दुसरा जरा उबदार वाटला" असं म्हणालात, तर तो पोलिसी समाधानाने सांगतो, "दोन्ही एकच होते. मी नॉबला नुसता हात लावला."

त्याचं दुखणं थोडक्यात सांगतो. विस्ताराने तो सांगेलच. मर्फी-फिलिप्सच्या जुन्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असायचे, त्यांना गिटारवाले ट्यूब म्हणतात. १९६२ साली लंडनमध्ये जिम मार्शल या ड्रम शिकवणाऱ्या दुकानदाराने अमेरिकेच्या फेंडर बासमनवर बेतून एक ॲम्प तयार करवून घेतला. असा ॲम्प पुरता ताणला की व्हॉल्व्ह आवाज जसा फाडतात, त्यावर निम्मं रॉक संगीत उभं आहे. पण ते फाडणं मोठ्या आवाजातच होतं. शिवाय दोन स्पीकरचा एक फेंडर ट्विन जवळपास तीस किलो भरतो आणि टोन्या तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्टशिवाय. तेव्हा त्याने मॉडेलर धरला, म्हणजे त्या ॲम्पांची गणितं पोटात घेतलेली पेटी. १९९८ साली लाइन सिक्सचा लालभडक पॉड निघाला, तो न्यू जर्सीच्या मावसभावाकडून आला. मग एकामागून एक पेट्या आल्या आणि गेल्या. सध्याच्या पेटीत इतके ॲम्प आहेत की त्यातले निम्मे त्याने प्रत्यक्षात पाहिलेलेही नाहीत.

रात्री हेडफोनवर ही पेटी स्वर्गीय वाजते, असं तो स्वतःच सांगतो. मग अडचण काय? "हेडफोनमध्ये हवा हलत नाही," टोन्या म्हणतो. त्याला छातीवर थाप हवी. म्हणून खरा स्पीकर हवा, आणि स्पीकरला खोकं हवं.

खोकं करायला सुतार आला. अठरा मिलिमीटरचा मरीन प्लाय, समोर मोठं गोल भोक. सुताराने नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "देव्हारा आहे का?" नाही म्हटल्यावर, "मग भोक कशाला? झुरळं जातील." जाळी लागणार म्हटल्यावर त्याला बरं वाटलं. "वरनं सनमायका कुठला लावू? सागवानी डिझाइन आलंय नवीन." टोन्याने त्याला सनमायका आवाजाचं काय करतो ते समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि सनमायका लावला. मग भाच्याच्या सामानातून इंग्लंडहून आलेला बारा इंची सेलेस्चन स्पीकर आत बसला, आणि मागची फळी लावायची की नाही हा प्रश्न निघाला. बंद खोक्यात खालचे सूर आवळून येतात, उघड्यात आवाज खोलीभर पसरतो. टोन्याने फळी लावली, काढली, लावली. सुताराला स्टुलावर बसवून डोळे मिटायला सांगितले. "फरक कळला का?"

सुतार डोळे न उघडता म्हणाला, "साहेब, फळी पैशात धरलीय. लावा नायतर काढा."

पहिल्याच दिवशी आवाज घुसमटलेला आला. कारण पेटीत ॲम्पबरोबर स्पीकरच्या खोक्याचीही नक्कल असते, हेडफोनसाठी. ती चालू ठेवून खऱ्या खोक्यात आवाज सोडला की एकावर एक दोन खोकी होतात. गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वर फारसं काही जाऊ देत नाही. एकदा गाळलेलं पुन्हा गाळलं तर उरणार काय? नक्कल बंद केली. घुसमट गेली. आता आवाज निर्जीव आला.

या 'निर्जीव'वर त्याने मला मिसळीच्या हॉटेलात कागदी रुमालावर जे व्याख्यान दिलं, ते इथे देण्याचं कारण एवढंच की त्यात खोटं काही नाही, आणि हीच खरी पंचाईत आहे. स्पीकरवर छापलेले आठ ओहम म्हणजे स्थळाने सांगितलेलं वय. प्रत्यक्षात खाली शंभर हर्ट्झच्या आसपास तो अडथळा कित्येक पटींनी चढतो, मध्ये उतरतो आणि वरच्या सुरांकडे पुन्हा चढत जातो. व्हॉल्व्हचा ॲम्प स्पीकरच्या या चढउताराला वश होतो. जिथे अडथळा जास्त तिथे तो व्होल्टेजही जास्त देतो. म्हणून खाली थाप येते आणि वर चमक. पेटीचा आवाज स्पीकरपर्यंत ढकलायला टोन्याने घेतलेला हलकाफुलका क्लास डी ॲम्प मात्र बाणेदार. स्पीकर काहीही म्हणो, तो सगळ्या सुरांना सारखंच व्होल्टेज वाटणार. तेव्हा ती थाप आणि ती चमक पेटीतच आधी भरून पाठवायची: रेझोनन्स वाढवायचा, प्रेझेन्स वाढवायचा. कितपत? ते कानाने ठरवायचं. रुमालावर तर्रीचा डाग पडला होता, त्याने तोही आलेखात धरला.

कानाने ठरवायचं तर आवाज मोठा करून ठरवावं लागतं. अमेरिकेतल्या बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून ठेवलंय की आवाज हळू असला की कानाला खालचे आणि वरचे सूर कमी पोहोचतात. रात्री हळू आवाजात गोड लावलेला टोन मोठा केला की खाली घुमतो आणि वर टोचतो. म्हणून टोन्याला रिकामी इमारत लागते. जिन्यात भेटेल त्याला तो विचारतो, "गावाला कधी जाताय?" खालच्या मजल्यावर नवीन आलेल्या जोडप्याने हे ऐकून दाराला दुसरं कुलूप बसवलं. मे महिन्यात अर्धी इमारत कोकणात जाते, तेव्हा त्याचा मोसम. दिवाळीत फटाके वाजत असताना तो गेन वाढवून बसतो. वरच्या मजल्यावरच्या वहिनी एकदा लवकर परत आल्या, तेव्हा बॅग जिन्यात ठेवून आधी त्याच्या दारावर गेल्या. "भाऊजी, आवाज मोठा आहे त्याचं काही नाही, पण दातात जातो हो!" टोन्या मला नंतर म्हणाला, त्यांना फेंडर आवडत नसावा.

हे गिटारपुरतं राहिलं असतं तर मी लिहायलाच बसलो नसतो. पण फोन उचलला की, "हा नवीन घेतलास ना? जुन्यात तुझे मिड्स चांगले होते." गणपतीच्या आरतीला दोन झांजा हातात घेऊन, "डोळे मीट." आरतीत मिटलेलेच असतात, म्हणून मी सापडलो. एका ओळखीच्यांकडे आम्ही भेटायला गेलो होतो, तेराव्याला; भजनी मंडळाचा माइक शिटी मारत होता. सगळे खाली मान घालून बसलेले. टोन्या माझ्या कानाशी आला आणि गंभीरपणे म्हणाला, "अडीच किलोहर्ट्झ."

या माणसाला त्याच्या बायकोने लक्ष्मी रोडवर दोन साड्या दाखवल्या. एक मोरपंखी, एक रामा हिरवा. बराच वेळ पाहून तो म्हणाला, "दोन्ही सारख्याच आहेत की." वहिनींनी दोन्ही घेतल्या. मला फार आनंद झाला.

आता अण्णांचं. माझ्या वडिलांना ऐकू कमी येऊ लागलं तेव्हा आम्ही कानाचं मशीन घेतलं, चांगलं महागातलं, डिजिटल. अण्णांनी ते चार दिवस घातलं आणि डबीत ठेवून दिलं. "सगळे डब्यातून बोलतात." मशीन नसलं की भाजीवाल्याचं 'साठ' त्यांना 'आठ' ऐकू यायचं आणि आठ रुपयांच्या फ्लॉवरवरून मंडईत तमाशा व्हायचा. मशीन असलं की भांडी, पंखा, वर्तमानपत्राची घडी, सगळं कानात घुसायचं. आम्ही समजावलं, रागावलो, सोडून दिलं. वय झालं म्हटलं की पुढे काही करावं लागत नाही.

टोन्या एका संध्याकाळी आला, डबी उघडून मशीन हातात घेतलं आणि म्हणाला, "काका, माइक, ॲम्प, स्पीकर. हे तर माझंच दुकान आहे. उद्या जाऊ."

तो अण्णांना स्कूटरवर बसवून घेऊन गेला. एकदा नाही, अण्णांचं समाधान होईपर्यंत जात राहिला. तिथल्या ऑडिओलॉजिस्ट मॅडम वयाने लहान आणि कामाला पक्क्या. पहिल्या दिवशी त्यांनी टोन्याला बाहेर बसायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला तो आत होता, खुर्ची त्यांच्या स्क्रीनकडे ओढून. 'स' आणि 'फ' कुठे बसतात, ठसका आला की मशीन आवाज किती दाबतं आणि किती वेळाने सोडतं, यावर दोघांचं वरच्या पट्टीत चाललं होतं. मॅडम एक पट्टी उचलायच्या, टोन्या अण्णांसमोर वाकायचा.

"काका, डोळे मिटा. साठ. आता हे ऐका. साठ. फरक कळला का?"

अण्णा हिशेबनीस होते. आयुष्यात कधी कोणाला खूश करायला 'हो' म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "पहिल्यात तू आठ म्हणालास." पुन्हा पट्टी, पुन्हा साठ. "आता साठ आहे. पण तुझ्या तोंडात पान असल्यासारखं येतंय." टोन्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं ते मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं तो जगाला विचारत होता, आणि ऐकून, पारखून, खरं उत्तर देणारा एक माणूस त्याला मिळाला होता. त्या दोघांनी पुढचा तासभर मला आणि मॅडमना विचारलंसुद्धा नाही. अण्णा आता मशीन झोपतानाच काढतात. मंडईत भाव मात्र अजून आठच सांगतात. ते ऐकू येण्यावर नव्हतं, असं आमच्या लक्षात आलंय.

शेवटच्या खेपेला मॅडम त्याला म्हणाल्या, "सर, एवढे बसलाच आहात तर तुमचीही टेस्ट करू या."

तो उत्साहाने त्या बंद खोलीत गेला. बाहेर आल्यावर मॅडमनी आलेख समोर धरला. अडीचशे हर्ट्झपासून दोन हजारांपर्यंत रेघ सरळ, आणि चार हजारांवर खोल खाच. "ड्रमशेजारी वगैरे उभे राहायचात का कधी?" त्यांनी विचारलं. उमेदीची सगळी वर्षं टोन्या ऑर्केस्ट्रात होता, डाव्या बाजूला, झांजांच्या ऐन तोंडावर.

मी मनात हिशेब मांडत होतो. स्पीकर बदलले, फळ्या काढल्या, पेट्या आणल्या आणि विकल्या, आणि दरवेळी 'वरची चमक येत नाही' म्हणून प्रेझेन्स चढवत नेला. वरच्या वहिनींच्या दातात जायचा तो आवाज. चमक बहुधा पहिल्या पेटीपासून येतच होती. मॅडमही गप्प झाल्या. असं काही सांगण्याची त्यांना रोजची सवय असावी, तरी. काय बोलावं ते मला सुचेना.

टोन्याने चष्मा लावला. रेघेवरून बोट फिरवलं, खाचेपाशी थांबला, पुन्हा सुरुवातीला आला. त्याची मान तिरकी झाली.

"अरे, हे तर खोकं आहे," तो म्हणाला. "एक सुताराचं, आणि हे माझं. मी दोन खोक्यांतून ऐकतोय! डबल कॅब होत होती!" मग मॅडमकडे वळून, आवाजात अगदी घाई आणून, "मॅडम, ही कर्व्ह मला फाइलमध्ये देता येईल का? वेव्ह फॉरमॅट असला तर पेटीत थेट लोड होते."

मॅडम म्हणाल्या, "पीडीएफ देते."