घरचं, म्हणून स्वस्त

कोकणात ‘नवं’, म्हणजे नव्या पिकाचं तोरण, बांधायला पैसे पडत नाहीत. भाताची लोंबी, आंब्याचं पान, कुरडूचं फूल. वेढा दिला की दारावर चढलं. यंदा आम्हीही दसऱ्याचं तोरण घरीच, काटकसरीत करायचं ठरवलं. झेंडू काय, संध्याकाळी माना टाकतो! म्हणून सोनेरी स्प्रे आला, ग्लू गन आली आणि लोंब्या चक्क कुरिअरने. कोपऱ्यावरून आपटा म्हणून आणलेली पानं कांचनाची निघाली. सोनं म्हटल्यावर भेसळ आलीच. एवढ्या पैशांत खालच्या फुलवाल्या मावशींची दहा तोरणं आली असती. पण ग्लू गन पुढच्या वर्षीही वापरता येईल, असं म्हणत मी ती गेल्या वर्षीच्या ग्लू गनशेजारी ठेवली.