इंडेंटकाका

काकांना प्रयोगशाळेत कुणी शास्त्रज्ञ म्हणत नाही, आणि काकांना विचारल्याशिवाय एकाही शास्त्रज्ञाचं पान हलत नाही. दारावरची पाटी 'वरिष्ठ तांत्रिक अधिकारी' असं सांगते. संचालकांपासून माळ्यापर्यंत सगळे नुसतं 'काका' म्हणतात. 'इंडेंटकाका' हे नाव विद्यार्थ्यांनी पाडलेलं, आणि ते काकांनाही ठाऊक आहे. सरकारी प्रयोगशाळेत वस्तू हवी असली की मागणीचा जो कागद भरावा लागतो, तो इंडेंट. चहा सोडून सगळ्याला इंडेंट लागतो. बाहेरचे पाहुणे येणार असतील तर चहालाही लागतो.

पुण्यात पाषाणच्या बाजूला गेलात की एकामागून एक सरकारी कुंपणं लागतात. कुठे रसायनं, कुठे पावसाचा अभ्यास, कुठे स्फोटकं, कुठे तोफा. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा तर प्रजासत्ताक होण्याच्याही आधीची. 3 जानेवारी 1950 ला नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. आपले काका यांतल्या कुठल्या कुंपणाआडचे, की मुंबई-हैदराबादच्या एखाद्या कुंपणाआडचे, हे सांगत नाही. सांगून उपयोगही नाही. प्रत्येक कुंपणाआड एक काका असतोच. काही ठिकाणी त्याला अण्णा म्हणतात.

काकांचा वेष ठरलेला. अर्ध्या बाह्यांचा चौकडीचा शर्ट आणि खिशात एक टेस्टर, एक निळं पेन. हिरव्या शाईने सही करायचा मान आपल्या पदाला नाही, याची त्यांना खंत नाही. वरचे साहेब हिरव्या शाईत जे लिहिणार असतात, ते काकांनी निळ्या शाईत आधीच लिहून ठेवलेलं असतं. साहेबांनी खाली सही करायची. एखाद्या साहेबाने अधिकार दाखवायला फाइलवर 'चर्चा करावी' असा शेरा मारलाच, तर काका वर जातात, समोर बसतात, साहेबांच्या मुलाच्या दहावीची चौकशी करतात आणि सही घेऊन खाली येतात. झाली चर्चा.

त्यांच्या खोलीत लोखंडी कपाट आहे. त्यात बी-24 चे काचेचे जॉइंट, ओ-रिंग, फ्यूज, टेफ्लॉन टेप आणि तीन पिढ्यांपूर्वीच्या यंत्रांचे सर्किट बोर्ड. कपाटाशेजारी एक बंद पडलेला ऑसिलोस्कोप आहे. तो सुरू होत नाही आणि फेकताही येत नाही, कारण तो डेड स्टॉक रजिस्टरमध्ये जिवंत आहे. सरकारात वस्तू घेण्यापेक्षा टाकणं अवघड. ती निरुपयोगी आहे हे ठरवायला समिती बसावी लागते. त्या समितीतले दोन सदस्य निवृत्त झाले, एकाची बदली झाली, ऑसिलोस्कोप जागच्या जागी आहे. काका त्याच्यावर डबा ठेवतात. वर्षातून एकदा पडताळणीला माणूस येतो, तेव्हा डबा उचलतात, नंबर दाखवतात, परत ठेवतात.

जर्मनीत काही वर्षं काढून एक नव्या मॅडम रुजू झाल्या. पहिल्याच सोमवारी काकांकडे आल्या आणि म्हणाल्या, "काका, हा उत्प्रेरक गुरुवारपर्यंत हवाय. तिकडे आम्हाला दुसऱ्या दिवशी मिळायचा."

काकांनी चष्मा पुसला. "गुरुवार मिळेल, मॅडम. साल मात्र आत्ता विचारू नका."

मग त्यांनी मॅडमना बसवून शिकवणी सुरू केली. सामान्य वित्तीय नियमावली, 2017. तिच्या मूळ आकड्यांनुसार वस्तू 25 हजारांपर्यंतची असेल तर कोटेशनशिवाय घेता यायची. त्यावर अडीच लाखांपर्यंत तीन जणांची स्थानिक खरेदी समिती बाजार पाहून भाव काढायची. त्याच्या वर गेलात की निविदा. सरकारी ई-बाजारपेठेत वस्तू मिळत असेल तर आधी तिथे जायचं. ती जगात एकच कंपनी बनवत असेल, तर एकच कंपनी बनवते असं प्रमाणपत्र आपणच सही करून द्यायचं, आणि लेखापरीक्षणात 'तीन कोटेशनं का नाहीत?' असं विचारलं की ते प्रमाणपत्र दाखवायचं. पुढे 2025 मध्ये विज्ञान संस्थांसाठी कोटेशनशिवायची मर्यादा 2 लाखांपर्यंत गेली. सगळ्या मजल्यांवर आनंद झाला, काकांना झाला नाही. "मर्यादा वाढली की यादी वाढते," ते म्हणाले. "फाइल तेवढीच राहते, जाड होते."

मॅडम वैतागल्या. "पण इतके नियम हवेत कशाला?"

"मॅडम, प्रत्येक नियमाच्या खाली एकेक जुनी चोरी पुरलेली आहे," काका म्हणाले. "नियम उचलला की ती वर येते."

उत्प्रेरक मात्र गुरुवारी आला, आणि त्याच आठवड्याच्या. काकांनी दुसऱ्या मजल्यावरच्या एका फ्रीजमधून अर्धा ग्रॅम उसना आणला होता. बदल्यात त्या मजल्याला एक व्हॅक्यूम पंप, पंपाच्या बदल्यात तळमजल्याला दोन कॅन टोल्यूइन, असं बरंच काही फिरलं. प्रयोगशाळेतलं अर्धं विज्ञान या उसनवारीवर चालतं. त्याचा हिशेब कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही. काकांच्या डोक्यात आहे. तिथे लेखापरीक्षण पोचत नाही.

काकांचा खरा पराक्रम पाहायचा तर एनएमआरच्या खोलीत जायला हवं. रेणूची घडण कशी आहे ते सांगणारं हे यंत्र, आणि त्याचा आत्मा म्हणजे एक चुंबक. चुंबकातलं वेटोळं अतिवाहक राहायला द्रवरूप हीलियममध्ये बुडलेलं असावं लागतं, म्हणजे उणे 269 अंश सेल्सिअसला. बाहेरून द्रव नायट्रोजनचं वेष्टण. नायट्रोजन आठवड्याला भरायचा, हीलियम काही महिन्यांनी. चुंबक बंद करून घरी जायची सोय नाही. तो दिवाळीतही चालू, संपातही चालू. हीलियमची पातळी फार खाली गेली, तर वेटोळं तापतं, अतिवाहकता जाते आणि उरलेला सगळा हीलियम फुस्सकन वाफ होऊन निघून जातो. याला क्वेंच म्हणतात. त्यानंतर जो खर्च येतो, त्याच्या फाइलला स्वतंत्र कपाट लागतं.

हीलियम आपल्याकडे बाहेरून येतो, त्यामुळे त्याला इंडेंट, मंजुरी, निविदा, पुरवठादार, सगळं आलं. अडचण एवढीच की हीलियमला 'प्रस्ताव विचाराधीन आहे' हे कळत नाही. तो उडतच राहतो.

यावर काकांनी एक आलेख काढला आहे. मिलिमीटरच्या कागदावर, पेन्सिलीने. एका रेषेत हीलियम रोज किती कमी होतो ते. दुसऱ्या रेषेत फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर किती दिवसांनी सरकते ते, गेल्या कित्येक वर्षांच्या नोंदींवरून, टेबलवार. त्यात दुरुस्त्याही आहेत: लेखा विभागातल्या बाई माहेरी गेल्या तर अधिक, गणपतीत अधिक, मार्चमध्ये मात्र उणे. दोन्ही रेषा जिथे छेदतात, त्याच्या बऱ्याच आधी काका इंडेंट टाकतात. हीलियमची टाकी दारात येते ती आलेखाने सांगितलेल्या आठवड्यात. प्रयोगशाळेत शोधनिबंधांची रास पडते. त्यांतले काही प्रयोग दुसऱ्याने केले तर जमतात, काही जमत नाहीत. काकांचं भाकीत आजवर चुकलेलं नाही. हा निबंध कुठे छापलेला नाही, कारण टेबलवार नोंदी छापल्या तर टेबलं रागावतील.

नायट्रोजनचं मात्र एकदा रामायण झालं. गावातल्या दुसऱ्या संस्थेचा नायट्रोजन आटला म्हणून काकांनी एक भरलेलं भांडं गेटपासवर पाठवलं. गेटपास दोन प्रकारचे: परत येणाऱ्या मालाचा आणि न येणाऱ्या मालाचा. भांडं परत यायचं, म्हणून पास पहिल्या प्रकारचा. भांडं संध्याकाळी परत आलं, थोडा नायट्रोजन तळाशी घेऊन. गेटवरच्या हवालदाराने अडवलं. जाताना भरलेलं, येताना रिकामं, मधला माल कुठे गेला? द्रव नायट्रोजन उणे 196 अंशाला उकळतो, उघड्यावर उडून जातो, हे ड्रायव्हरने सांगून पाहिलं. हवालदार म्हणाला, "उडाला तर उडाल्याचं लेखी आणा." काका खाली आले आणि कागदावर त्यांनी लिहिलं: 'सदर पात्रातील उर्वरित नायट्रोजन वातावरणात विलीन झाला असून, वातावरणात तो आधीपासूनच 78 टक्के असल्याने शासनाचे नुकसान झालेले नाही.' खाली सही, तारीख, शिक्का. भांडं आत गेलं. तो कागद हवालदाराने पुढच्या वेळेसाठी जपून ठेवला.

असल्या भाषेमुळेच हिंदी पंधरवड्यात टिप्पणलेखनाचं बक्षीस काकांकडे ठरलेलं. राजभाषेच्या नियमांनुसार महाराष्ट्र 'ख' क्षेत्रात येतो, हे संपूर्ण इमारतीत फक्त त्यांना माहीत आहे. बक्षिसाचं पाकीट ते कॅन्टीनच्या वहीत जमा करतात. संशोधन-विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती 2023 पासून महिना 37 हजार झाली खरी, पण महिना कुठला, हे ती ठरवते. ती येईपर्यंत पोरांचा वडा-सांबार त्या वहीवर चालतो. "अरे, तुझं संशोधन नंतर, आधी खाऊन घे," असं म्हणून काका पुढे निघतात. शिष्यवृत्ती आली की पैसे परत घ्यायला विसरत नाहीत. तो त्यांचा नियम आहे.

एकदा फार मोठे पाहुणे आले. मंत्री, मागे सचिव, मागे बंदूकधारी रक्षक. संचालकांनी मोठ्या अभिमानाने एनएमआरच्या दारापर्यंत आणलं. दारात काका.

"साहेब आत, बंदूक बाहेर."

चुंबक लोखंड ओढून घेतो; बंदूक हातात राहणार नाही, हे त्यांनी समजावलं. रक्षक म्हणाला, साहेबांना सोडून मी बाहेर थांबू शकत नाही, आणि बंदूक सोडून आत येऊ शकत नाही. त्यालाही नियम होता. दोन नियम समोरासमोर उभे राहिले. संचालकांचा घसा कोरडा पडला. शेवटी मंत्र्यांनी दाराच्या काचेतून चुंबक पाहिला, "वा" म्हणाले, आणि सगळे चहाला गेले. चहाचा इंडेंट झालेला होता.

मार्च आला की काका जेवायला घरी जात नाहीत. वर्षभर हातमोजे घ्यायला पैसे नसतात. फेब्रुवारीच्या शेवटी पैसे येतात आणि 31 मार्चच्या आत संपवायचे असतात, नाहीतर परत जातात. त्या महिन्यात शास्त्रज्ञांना एकदम प्रिंटर आठवतात, खुर्च्या आठवतात. काका त्यांना खुर्च्या देत नाहीत. त्यांच्या खणात वर्षभर रचून ठेवलेले, सही सोडून सगळं झालेले इंडेंट असतात: हातमोजे, सॉल्व्हंट, पंपाचं तेल, अर्थातच हीलियम. पैसे येताच ते एकामागून एक बाहेर पडतात. सरकारचा पैसा वाया जाणं काकांना चोरीइतकंच लागतं, आणि म्हणूनच ज्या नियमांची ते रोज टिंगल करतात, ते एकदाही मोडत नाहीत. नियमाच्या आतून वाट काढायची. भिंत फोडायची नाही. हे जमायला नियम पाठ असून भागत नाही, नियम करणाऱ्याची भीती काय होती ते कळावं लागतं. मॅडमना जर्मनीत हे कुणी शिकवलं नव्हतं. आता त्या काकांच्या शेजारी बसून इंडेंट लिहितात आणि काका त्यात चुका काढतात.

काका गेल्या वर्षी साठीला निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात संचालकांनी त्यांना प्रयोगशाळेचा कणा म्हटलं, शाल दिली, नारळ दिला. दुसऱ्या सोमवारी हीलियमची पातळी कुणालाच नीट वाचता आली नाही, म्हणून काकांना फोन गेला. मानधनावर बोलवायचं तर जाहिरात, मुलाखत आणि समिती हवी. तोवर काका गेटवर पाहुण्यांच्या रजिस्टरमध्ये नाव लिहून आत येतात. 'कामाचे स्वरूप' या रकान्यात 'भेट' असं लिहितात, आणि भेटीत हीलियम भरून जातात.

तेव्हा तुमच्या प्रयोगशाळेतले काका अजून नोकरीत असतील, तर शोधनिबंध जरा बाजूला ठेवा आणि आधी त्यांच्याकडून तो आलेख उतरवून घ्या. आमच्याकडे त्यांची जागा भरायची फाइल निघाली आहे. ती सध्या तिसऱ्या टेबलावर आहे, आणि काकांच्या आलेखानुसार तिथे ती गणपतीपर्यंत राहील.