स.न.वि.वि. फॉन्ट दिसत नाही

माधवनगर स्टेशनाबाहेर कुणालाही पत्ता विचारा. पत्ता मिळायच्या आधी तुमचं गाव, आडनाव आणि "बुधगावच्या अमक्यांचे तुम्ही कोण?" एवढी चौकशी होईल. मग तो माणूस स्वतःची स्कूटर काढून म्हणेल, "बसा मागं, सोडतो." याच माणसाला संगणकवाल्यांच्या एखाद्या ऑनलाइन गटात बसवा. तिथं कुणी वाट विचारली की हा खेकसतो, "नकाशा बघता येत नाही का?"

आमच्या शेजारचे आप्पा अशाच एका गटात सापडले. त्यांनी फार पूर्वी आपलं आत्मचरित्र टाइप करून घेतलं होतं. मुलानं नवा संगणक आणून दिला, फाइल उघडली, तर आत्मचरित्राच्या जागी रोमन अक्षरं, डॉलरची चिन्हं आणि स्वल्पविराम यांची जत्रा. आप्पांनी गटावर रीतसर पत्र लिहिलं. "स.न.वि.वि. आपणा सर्वांचे कुशल इच्छितो. पत्रास कारण की, माझे मराठी दिसत नाही. कळावे, लोभ असावा ही विनंती."

चहा निवायच्या आत उत्तरं आली. "कुठलं व्हर्जन?" "हा प्रश्न हजारदा झालाय, आधी सर्च करा." तिसऱ्यानं तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं, त्यावर अंगठ्यांचा पाऊस. मग दोन जाणकारांची विंडोज बरी की लिनक्स यावर जी जुंपली ती रात्रीपर्यंत. आप्पा सगळं मन लावून वाचत होते. मला म्हणाले, "मंडळी हुशार आहेत हो. माझं काम सोडून सगळं येतं त्यांना."

खरं तर दुखणं साधं होतं. जुने मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागेवर देवनागरीचे आकार बसवायचे. फॉन्ट आहे तोवर मराठी. तो गेला की खालचं रोमन उघडं पडतं. युनिकोडनं देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा दिल्या. त्यात 'क'चा क्रमांक ०९१५, मग फॉन्ट कुठलाही असो. जुना मजकूर कन्व्हर्टरमधून काढला की झालं. एवढं सांगायला जितकं टायपिंग लागतं, त्याच्या कितीतरी पट त्या मंडळींनी न सांगण्यावर खर्च केलं.

हा रोग काही आपल्याकडचाच नाही. स्टॅक ओव्हरफ्लो म्हणजे प्रोग्रामरांची पंढरी. तिथं नवख्यांना आपुलकीनं वागवलं जात नाही, अशी जाहीर कबुली चालकांनीच २०१८ साली दिली. त्याच वर्षी लिनक्सच्या लिनस टोरवाल्ड्सनं आपल्या फटकळ ईमेलबद्दल माफी मागून काही काळ सुट्टी घेतली. इंग्रजी विकिपीडियावर तर 'नवागतांना चावू नका' असा लेखी दंडक आहे. चावणारे होते म्हणूनच लिहावा लागला असणार! मराठी विकिपीडियानं नवशिक्यांना गिरवायला धूळपाटी ठेवली आहे आणि बोलायला चावडी. नावं ऐकूनच माणूस चप्पल काढून आत येतो.

इथून जवळच, सांगलीत, १८४३ साली विष्णुदास भावे 'सीता स्वयंवर' बसवायला निघाले, तेव्हा त्यांचाही अनुभव कोराच होता. राजेसाहेब चिंतामणराव पटवर्धन "करा" म्हणाले, पाठीशी उभे राहिले. तेव्हा असा गट असता तर? "आधी भरताचं नाट्यशास्त्र वाचा, मग प्रश्न विचारा." सीता अजून वरमाला घेऊन विंगेत उभी असती.

असो. आप्पांचं आत्मचरित्र शेवटी मराठीत आलं. परवा गटावर एका पोरानं विचारलं, "मराठी दिसत नाही, प्लीज हेल्प." सगळ्यांत आधी उत्तर कुणाचं? आप्पांचं. "हा विषय झाला आहे. जुने संदेश वाचावेत."

"अहो आप्पा, तुम्हीसुद्धा?"

"मग? नमस्कार नाही, क्षेमकुशल नाही, एकदम प्रश्नच!"

तासाभरानं आप्पा स्कूटरला किक मारताना दिसले. पोरगं कवलापूरचं निघालं होतं, आणि आडनावावरून आप्पांच्या मावसबहिणीच्या सासरचं.